चार माणसांचा ओलावा

आबांचं नाक हे त्यांच्या धंद्यातलं सगळ्यात जुनं अवजार. इस्त्र्या बदलल्या, मशिनं बदलली, नाक तेच राहिलं. गिऱ्हाइकाने कोट टेबलावर टाकला की आबा तो हुंगून सांगायचे, हा उन्हात वाळलाय, हा सावलीत, आणि हा अर्धा ओला असतानाच घडी घालून कपाटात कोंबलाय. गिऱ्हाईक बिचारं ओशाळायचं. लाँड्री विकून आबा घरी बसले, तरी ओळखीचे लोक रस्त्यात त्यांच्यापासून हातभर लांब उभे राहून बोलत. न जाणो, शर्टाचं काही निघायचं.

अशा माणसाला त्याच्या लेकीने फोनवर सांगितलं, "आबा, या खेपेला आम्ही हॉटेलात उतरतो."

"हॉटेलात? स्वतःचं घर असताना?"

"दिवसभर तुमच्याकडेच असू. फक्त झोपायला तिकडे. मागच्या वेळी चिमणी सारखी खोकत होती, आठवतंय ना? माझ्या खोलीत ओलीचा वास येतो, आबा. कपाट उघडलं तरी येतो."

आबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. लाँड्रीवाल्याच्या घरात ओलीचा वास! काहीतरी खरमरीत बोलायचं त्यांनी ठरवलं, पण तोंडून निघालं ते एवढंच, "बरं. तुमची सोय बघा." फोन ठेवून ते लेकीच्या खोलीत गेले. भिंत हुंगली, पडदा हुंगला, उशी हुंगली. त्यांना कशाचाच वास येईना.

बायको गेल्यावर या घरात बाप-लेक दोघंच राहिली होती. मग लेक नोकरीसाठी लांबच्या शहरात गेली, तिथेच लग्न केलं, तिथेच नात झाली, चिमणी. आता वर्षातून एकदा चार-पाच दिवस यायची आणि उरलेलं वर्ष आबा त्या दिवसांच्या जोरावर ढकलायचे. दिवसा काय, पाहुणेही येतात, बसतात, चहा पिऊन जातात. आबांना हवं होतं ते वेगळंच. भिंतीपलीकडे कोणीतरी कूस बदलल्याचा आवाज यावा, दाराखालून उजेडाची फट दिसावी, घरात आपलं माणूस झोपलंय हे मनात घोळत असतानाच डोळा लागावा. हॉटेलाने नेमकं तेच काढून घेतलं होतं.

दोष कोणाचा, याबद्दल आबांच्या मनात शंका नव्हती. वरच्या मजल्यावर एक रिटायर झालेले मास्तर राहत. त्यांची आंघोळ म्हणजे धरणाचे दरवाजे उघडल्यासारखी. त्यांचंच पाणी झिरपत झिरपत लेकीच्या खोलीत उतरतंय, असं आबांनी ठरवून टाकलं होतं आणि त्यापायी मास्तरांशी बोलणंही टाकलं होतं. आता फक्त पुरावा हवा होता. म्हणून त्यांनी घराची तपासणी करणाऱ्या बाईला बोलावलं.

ती आली ती मोठी पिशवी आणि त्याहून मोठा आवाज घेऊन. वयाने लेकीएवढीच असेल.

"काका, चपला काढते हं. जमीन ओली असेल तर मशीनच्या आधी पायांना कळतं." मग घरभर नजर फिरवून तिने विचारलं, "घरात किती जण राहता?"

"मी."

"आणि?"

"आणि लेक. येऊन-जाऊन असते." आबांच्या तोंडून निघून गेलं. अगदीच खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

लेकीच्या खोलीचं दार घट्ट लावलेलं होतं. धूळ जाऊ नये म्हणून आबांनी खिडकीच्या फटींवरही चिकटपट्ट्या लावल्या होत्या. ही खोली ते तळहाताच्या फोडासारखी जपत. आत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत लेकीच्या लहानपणापासूनची दोरी बांधलेली, आणि तिच्यावर चिमटे लावून एका ओळीत कपडे वाळत घातलेले. निळा स्वेटर, पिवळा फ्रॉक, शाळेचा पांढरा शर्ट, फुलाफुलांचा झगा, उशांचे अभ्रे.

"अरे वा, ताई घरातच आहेत वाटतं. केवढं धुणं काढलंय!"

आबांनी अभ्र्याचा एक चिमटा सारखा केला.

तपासणीवालीने पिशवीतून एक छोटं यंत्र काढलं. त्याला पुढे दोन सुया होत्या. त्या भिंतीला टेकवल्या की आकडा दिसायचा. तिने जमिनीलगत टेकवून पाहिलं, मधे पाहिलं, मग स्टुलावर चढून छताला टेकवलं, बरोबर मास्तरांच्या न्हाणीघराखाली.

"कोरडं आहे."

"नीट बघ. मास्तर आंघोळीला बसले की..."

"मास्तर काय करतात ते मास्तरांना माहीत. हे छत त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायला तयार नाही, काका."

मग तिने कपाट जरा पुढे ओढलं. मागच्या भिंतीवर काळी बुरशी धरली होती. खिडकीच्या चौकटीत बोट फिरवलं तर बोट ओलं झालं. तिने चांदीसारख्या कागदाचा एक चौकोन कापला आणि चारही कडा चिकटवून भिंतीवर घट्ट बसवला.

"याला हात लावायचा नाही. मी परवा येते. कागदाच्या मागच्या अंगाला थेंब आले तर पाणी भिंतीतून येतंय. पुढच्या अंगाला आले तर खोलीतल्या हवेतून. भिंतीतून येते ती ओल आणि हवेतून येतो तो ओलावा. आम्ही आपले असे दोन शब्द वापरतो, म्हणजे शेजाऱ्याशेजाऱ्यांत मारामाऱ्या होत नाहीत."

"मागेच येणार," आबा म्हणाले.

"आलेच तर सांगेन. तोवर रोज जे करता तेच करा, काही बदलू नका." एवढं म्हणेपर्यंत तिची नजर कोपऱ्यातल्या गॅसच्या शेगडीवर गेली. "ही इथे कशाला?"

"ओल मारायला. कपडेही लवकर वाळतात."

"दार-खिडकी लावून पेटवता?"

"उघडं ठेवलं तर ऊब टिकेल कशी?"

तिचा मोठा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "काका, गॅस जळतो तेव्हा त्यातून वाफ निघते. म्हणजे ओल मारायला तुम्ही खोलीत पाणीच सोडताय. ते एक वेळ परवडलं. पण कोंडलेल्या खोलीत तो नीट जळत नाही आणि मग विषारी हवा निघते. तिला वास नसतो. झोपलेला माणूस झोपलेलाच राहतो."

चिमणी मागच्या खेपेला याच खोलीत झोपली होती आणि तिला थंडी वाजू नये म्हणून संध्याकाळी शेगडी आबांनीच पेटवून ठेवली होती. ते त्यांनी सांगितलं नाही. तपासणीवाली शेगडीची नळी काढत होती तोवर ते तिच्या हातांकडे बघत राहिले, आणि म्हणाले, "ने. तूच घेऊन जा ती."

"नेते. 'काही बदलू नका' म्हटलं, त्यातून ही वगळा."

खोलीबाहेरच्या बोळात छताला धुराचा अलार्म होता. तो दिसताच आबांना जरा उभारी आली.

"हा मात्र चोख आहे बरं का." त्यांनी झाडूचा दांडा उचलून अलार्मचं बटण दाबलं. टींऽऽ करून घरभर आवाज झाला. "लेकीने लावलाय. नोकरीवर जायच्या आदल्या दिवशी माझ्या इस्त्रीच्या टेबलावर चढून. म्हणाली, आबा, तुम्ही एकटे, त्यात दिवसभर इस्त्री. दर रविवारी बटण दाबायचं आणि मला फोनवर ऐकवायचं. वाजला की मी समजेन सगळं ठीक आहे."

सुरुवातीला दर रविवारी फोन व्हायचा. आबा एका हाताने फोन वर धरायचे, दुसऱ्या हाताने दांडा. पलीकडून लेक हसायची, "ऐकू आलं, आबा, कान फुटला!" मग तिची नोकरी वाढली, संसार वाढला. एखादा रविवार हुकायचा, पुढे पुढे रविवार हुकणंच नेमाचं झालं. बटण मात्र हुकलं नाही. कोणी ऐको न ऐको, आबा रविवारी दांडा घेऊन बोळात उभे राहायचेच.

तपासणीवालीने एक डबी काढली आणि अलार्मच्या दिशेने तिचा फवारा मारला. धुरासारखा ढग वर गेला. अलार्म गप्प. तिने पुन्हा मारला. गप्पच. आबांनी घाईघाईने दांड्याने बटण दाबलं. टींऽऽ वाजलं.

"बघ, वाजतोय की!"

"बटणाने भोंगा वाजतो, काका. धूर कळायला आत वेगळा भाग असतो. त्याचं नाक मेलंय." तिने तो खाली काढून उघडला. आत कपड्यांच्या तंतूंचा करडा कापूस दाटून बसला होता, दमट आणि चिकट. "याचं आयुष्यही कधीच संपलंय. मागे तारीख असते."

"कधीपासून मेलाय?"

"ते कसं सांगणार? वाजत होता ना, म्हणून कोणी बघितलंच नाही."

हे ती सहज बोलून गेली. आबांना मात्र ते लागलं. इतके रविवार ते ज्याला उठवत होते, तो आतून गेलेलाच होता.

दोन दिवस आबांनी शेगडीवाचून सगळं रोजच्यासारखंच केलं. सकाळी उठल्या उठल्या ते कागदाकडे बघायला जात आणि हात मागे बांधून उभे राहत. तिसऱ्या दिवशी तपासणीवाली आली तेव्हा कागदाच्या पुढच्या अंगावर थेंब होते, लहान आणि दाट. तिने चिकटपट्टी सोडवून कागद उलटा केला. मागची बाजू कोरडी ठणठणीत होती.

"म्हणजे मास्तर नाहीत," आबा म्हणाले.

"नाहीत."

"म्हणजे मीच."

तिने दोरीकडे बोट दाखवलं. "काका, हे एका माणसाच्या घरात चार माणसांचा ओलावा आहे. परवाही हाच निळा स्वेटर होता, आजही ओलाच आहे. खरं सांगा, हे कपडे घालतं कोण?"

आबा पलंगाच्या कडेवर बसले. बसताना त्यांनी चादरीची सुरकुती हाताने सारखी केली.

"कोणी नाही. लेकीचे लहानपणापासूनचे आहेत. ती इथे राहतच नाही. वर्षातून एकदा येते."

"मग धुता कशाला?"

"कपाटात राहून शिळे होतात. हाताला जड लागतात. धंद्याचा हात आहे, लगेच कळतं. तसे कसे ठेवायचे? ती आली आणि कपाट उघडलं तर? म्हणून धुतो."

"आणि वाळत इथे घालता? बाहेर एवढं ऊन असताना?"

"उन्हाने रंग उडतो. निळा तर लगेच जातो." हे सांगताना त्यांच्या आवाजात जुना लाँड्रीवाला जरासा ताठ झाला. "म्हणून दार लावून आत वाळवतो. मग इस्त्री, घडी, कपाट."

तपासणीवालीने हवेत बोटाने एक गोल काढला. "आत वाळवता म्हणून खोली दमट होते. खोली दमट म्हणून कपडे जड लागतात. जड लागतात म्हणून परत धुता."

आबा त्या बोटाकडे बघत राहिले. जन्म धुण्यात गेला आणि एवढं कळू नये! गिऱ्हाइकांना ओशाळं करणारा माणूस आज स्वतः पाणी पाणी झाला.

"पण मला वास कसा आला नाही?"

"स्वतःच्या घराचा वास कुणालाच येत नाही. नाकाला सवय होते. बाहेर जायचं, तासभर भटकायचं आणि परत येऊन दारात पहिला श्वास घ्यायचा. तो एकच खरा, पुढचे सगळे खोटे." ती त्यांच्या शेजारी टेकली. "काका, आठवण म्हणून लोक कपडे ठेवतात, मी खूप घरांत बघितलंय. पण ते धूत नाहीत. वास जाईल म्हणून."

"मला का माहीत नाही?" आबा म्हणाले. "तिचा वास पहिल्याच धुण्यात गेला. बादलीत हात घातला तेव्हाच कळलं होतं. पण दोरीवर कपडे दिसले ना पोरी, की वाटतं घरात आहे कुठेतरी. आंघोळीला गेली असेल. आत्ता येईल आणि ओरडेल, आबा, माझा स्वेटर वाळला का."

तपासणीवालीने कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. मग म्हणाली, "हे थांबवावं लागेल. तपासणीच्या अहवालात गोड लिहून देऊन उपयोग नाही. नात येईल आणि पुन्हा खोकेल."

"ते कळलं मला."

त्या दुपारी आबांनी खिडकीच्या पट्ट्या सोलून काढल्या आणि खिडकी सताड उघडली. गार वारा आत घुसला तेव्हा त्यांना उगाचच लेकीला कोणी घराबाहेर काढल्यासारखं वाटलं. कपडे बाहेर उन्हात घातले. निळ्याचा रंग उडेल तर उडो. वाळल्यावर एकेकाला इस्त्री केली, शेवटची, अगदी लग्नघरचे कपडे असल्यासारखी, आणि ज्यांच्या घरी लहान मुली होत्या त्यांना देऊन टाकले. स्वेटर तेवढा आधी बाजूला काढला. मग तोही दिला. ठेवला असता तर पुन्हा धुतला असता, स्वतःला ते ओळखून होते.

कपाट एकट्याने हलेना, म्हणून जिना चढून मास्तरांचं दार वाजवावं लागलं. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा वर सरकवून विचारलं, "म्हणजे माझी आंघोळ निर्दोष सुटली?"

"सुटली. आता खाली चला आणि कपाटाला हात लावा."

दोघा म्हाताऱ्यांनी धापा टाकत कपाट भिंतीपासून वीतभर पुढे घेतलं, बुरशी घासून काढली. दोरी सोडली तेव्हा भिंतींत दोन खिळे तेवढे राहिले. तपासणीवाली येऊन नवा अलार्म लावून गेली. जाताना बजावून गेली, "सकाळी उठलात की आधी खिडकी उघडायची. माणसं झोपतात तिथे श्वासाचा ओलावा धरतोच."

रविवारी आबांनी आपण होऊन लेकीला फोन लावला. "ऐक," म्हणाले आणि दांड्याने बटण दाबलं.

लेक म्हणाली, "आबा, हा आवाज वेगळा आहे. आपला कुठे गेला?"

"बदलला. जुना खराब झाला होता." तिला तो आवाज अजून ओळखता येत होता, याचंच त्यांना इतकं बरं वाटलं की खोलीचं सांगायचं राहूनच गेलं. हॉटेलाचं तीही काही बोलली नाही.

लेक यायच्या दिवशी आबा मुद्दाम बाहेर गेले, तासभर भटकले आणि परत येऊन दारात उभं राहून पहिला श्वास घेतला. कसलाच वास नव्हता. घर स्वच्छ, कोरडं, कोणाचंच नसल्यासारखं. हॉटेलातही असंच असावं, असं त्यांच्या मनात आलं आणि ते गुपचूप आत जाऊन बसले.

संध्याकाळी गाडी आली. जावई सामानाजवळ खालीच थांबला, कारण सामान पुढे हॉटेलात जायचं होतं. लेक चिमणीला कडेवर घेऊन वर आली. उंबऱ्यात थांबून तिने श्वास घेतला. आबा तिच्या नाकाकडे बघत होते.

ती सरळ आपल्या खोलीत गेली. उघडी खिडकी पाहिली, कपाट उघडून पाहिलं, मग समोरासमोरचे दोन खिळे पाहिले.

"आबा, दोरी कुठे गेली?"

"काढली. ओल तिच्यामुळेच येत होती. चूक माझीच होती, मास्तरांची नव्हती. आता येत नाही ना वास?"

"नाही." तिने चिमणीला पलंगावर ठेवलं. तिचे डोळे भरून आले होते. "आपल्या घराचाच वास येत नाही, आबा. तिकडे कधी कपडे घरात वाळत घालायची वेळ आली ना, की मी मुद्दाम त्या खोलीत जाऊन बसते. दार लावून."

ज्या वासापायी ती हॉटेलात उतरणार होती, त्याच वासासाठी ती तिकडे दार लावून बसत होती, आणि तो आबांनी घासून-पुसून खिडकीबाहेर घालवला होता.

"माणसं राहिली की येतो परत," ते कसेबसे म्हणाले. "ती तपासणीवाली सांगत होती. राहावं लागतं पण."

लेकीने त्यांच्याकडे बघितलं. मग खिडकीतून वाकून तिने नवऱ्याला हाक मारली, "अहो, सामान वर आणा."

सकाळी आबा सवयीने लवकर उठले. रात्रभर खोकल्याचा आवाज आला नव्हता. खिडकी उघडायची म्हणून त्यांनी लेकीच्या खोलीचं दार हलकेच लोटलं. तिघंही गाढ झोपली होती, चिमणी आडवी, पाय बापाच्या पोटावर. खुर्चीवर कोणीतरी ओला टॉवेल टाकला होता. बंद खिडकीची काच श्वासांनी आतून पांढरी झाली होती आणि खालच्या कडेला थेंब जमले होते.

खिडकी लगेच उघडायला हवी होती. आबा कडीला हात लावून थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग त्यांनी ती उघडली.